ही क्यूव्हीडी कोणी तयार केली? डेटा फाइलवरून तिच्या मूळ फाइलपर्यंत पोहोचण्याची रीत

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या एमआयएस विभागात मी रुजू झालो, तेव्हा सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये तीनशेच्या आसपास क्यूव्हीडी (क्लिकच्या डेटा) फाइली होत्या आणि त्यांपैकी कोणती फाइल कोठून तयार होते याची नोंद कोणत्याही वहीत, मेलमध्ये किंवा एक्सेलमध्ये नव्हती. उत्तरायणाच्या दोन सुट्ट्या संपवून १६ जानेवारीला आम्ही कामावर आलो, तर विक्रेत्यांकडील येणे दाखवणारा डॅशबोर्ड १३ तारखेवरच थांबलेला. त्यामागची फाइल ‘उघराणी’ या नावाची होती हे लगेच सापडले. पण ती फाइल रोज कोण तयार करते, या प्रश्नाला विभागातल्या चार जणांनी चार उत्तरे दिली आणि चारही चुकीची निघाली. खरे उत्तर त्या फाइलच्या पोटातच लिहिलेले होते. ते वाचायचे कसे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून दीड दिवस गेला. तुमचा तो जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख आहे.

लेख क्लिकव्ह्यू आणि क्लिक सेन्स ही डेटा वाचून डॅशबोर्ड दाखवणारी सॉफ्टवेअरे वापरणाऱ्या नवोदितांसाठी आहे. टॅगची आणि आज्ञांची नावे मी येथे देवनागरीत देतो. फाइलमध्ये ती इंग्रजीत, शब्द एकमेकांना जोडून आणि प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवून लिहिलेली दिसतील.

आधी थोडे फाइलविषयी

क्लिकव्ह्यू हे १९९३ साली स्वीडनमधील लुंड येथे सुरू झालेल्या कंपनीचे उत्पादन. क्लिक सेन्स २०१४ साली आले. दोन्हींमध्ये क्यूव्हीडीचा साचा एकच आहे. स्क्रिप्टमधील (डेटा आणण्याच्या आज्ञांच्या मजकुरातील) ‘स्टोअर’ या आज्ञेने एक सारणी डिस्कवर लिहिली की क्यूव्हीडी तयार होते, आणि एका क्यूव्हीडीत एकच सारणी असते. इतर स्रोतांपेक्षा ती साधारण १० ते १०० पट वेगाने वाचली जाते असे उत्पादकाचे दस्तऐवज सांगतात. म्हणूनच डेटाबेसमधून एकदा माल उचलायचा, क्यूव्हीडीत ठेवायचा आणि पुढचे सगळे डॅशबोर्ड त्यावर चालवायचे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. गोंधळाचे मूळही हेच आहे, कारण डॅशबोर्ड आणि डेटाबेस यांच्यामध्ये फाइलींचा एक थर उभा राहतो आणि काही वर्षांनी त्या थरात कोण कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही.

फाइलचे तीन भाग असतात. सुरुवातीला साध्या मजकुरात, एक्सएमएलच्या साच्यात लिहिलेले हेडर. त्यानंतर प्रत्येक कॉलममधील वेगवेगळ्या मूल्यांच्या याद्या. आणि शेवटी प्रत्यक्ष ओळी, बिटांच्या रूपात दाबून बसवलेल्या. मागचे दोन भाग माणसाला वाचता येत नाहीत. पहिला येतो, आणि आपले काम त्याच्यावरच भागते.

हाताशी काय हवे

- संबंधित क्यूव्हीडी असलेल्या फोल्डरवर वाचण्याचा अधिकार
- विंडोजमधील पॉवरशेल. वेगळे काही बसवण्याची गरज नाही
- क्लिकव्ह्यू डेस्कटॉप, किंवा क्लिक सेन्समध्ये स्क्रिप्ट पाहता येईल असे खाते
- क्लिक सेन्स असल्यास व्यवस्थापन कन्सोलमध्ये निदान ॲपची यादी पाहण्याची परवानगी
- रीलोडच्या (स्क्रिप्ट पुन्हा चालवून डेटा ताजा करण्याच्या) लॉग फाइलींचे फोल्डर पाहण्याची परवानगी. ही आधीच मागून ठेवा, कारण आयटी विभागाकडून ती मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

क्यूव्हीडी उघडून दाखवणारे क्यूव्ह्यूअरसारखे स्वतंत्र प्रोग्रामही आहेत. कंपनीची परवानगी असेल तर वापरा. मी मात्र पुढची सगळी रीत त्यांच्याशिवाय सांगतो.

१. फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका

प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढा. विंडोजमध्ये प्रत काढली की ‘तयार झाल्याची’ तारीख प्रत काढल्याच्या क्षणाची होते, परंतु ‘बदल झाल्याची’ तारीख मूळ फाइलचीच राहते. त्यामुळे फाइलच्या गुणधर्मांत पहिली तारीख पाहून कोणताही निष्कर्ष काढू नका.

२. हेडर वाचा, पण नोटपॅडने नव्हे

जवळजवळ प्रत्येक जण फाइलवर उजवी टिचकी मारून ती नोटपॅडमध्ये उघडतो. फाइल चार-पाच एमबीची असेल तर काम होते. ती दीड जीबीची असेल तर नोटपॅड अडकते आणि त्याच्यासोबत रिमोटवर बसलेला प्रत्येक जण अडकतो. याहून मोठा धोका असा की, बंद करताना चुकून ‘सेव्ह’ दाबले गेले तर नोटपॅड मागचा बिटांचा भाग मजकूर समजून पुन्हा लिहिते आणि फाइल कायमची निकामी होते.

त्याऐवजी पॉवरशेल उघडा आणि फाइलच्या सुरुवातीच्या ओळी तेवढ्या मागवा. आज्ञेचे नाव ‘गेट-कंटेंट’; तिच्यापुढे अवतरणचिन्हांत फाइलचा पूर्ण पत्ता, मग ‘-टोटलकाउंट ३०’ आणि शेवटी ‘-एन्कोडिंग यूटीएफ८’. सगळे इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावयाचे. टोटलकाउंटमुळे तीस ओळींनंतर वाचन थांबते, म्हणून फाइल कितीही मोठी असली तरी उत्तर क्षणात येते. एन्कोडिंगचा भाग गाळू नका. हेडर यूटीएफ-८ मध्ये असते आणि आमच्याकडे काही कॉलमांची नावे गुजराती लिपीत होती. एन्कोडिंग न सांगता वाचल्यावर त्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे आणि फाइलच बिघडली आहे असा माझा समज झाला होता.

३. चार टॅग शोधा

पडद्यावर आलेल्या मजकुरात पुढील टॅग पाहा आणि त्यांतील मजकूर जसाच्या तसा टिपून घ्या.

‘क्रिएटरडॉक’ म्हणजे ज्या डॉक्युमेंटच्या (स्क्रिप्ट असलेल्या क्लिकच्या फाइलच्या) स्क्रिप्टने ही फाइल लिहिली त्याची ओळख. आपल्याला हवे असलेले उत्तर बहुतेक वेळा येथेच असते.

‘क्रिएटयूटीसीटाइम’ म्हणजे फाइल लिहिल्याची वेळ.

‘टेबलनेम’ म्हणजे लिहिताना स्मृतीत असलेल्या सारणीचे नाव. फाइलचे नाव नंतर कोणी बदलले तरी हे नाव बदलत नाही. सातव्या पायरीत याचा फार उपयोग होणार आहे.

‘नोऑफरेकॉर्ड्स’ म्हणजे ओळींची संख्या. हा टॅग मात्र कॉलमांच्या माहितीनंतर येतो आणि प्रत्येक कॉलममागे हेडरमध्ये पंधरा-वीस ओळी खर्च होतात. साठ कॉलमांची सारणी असेल तर तो पाहण्यासाठी तीसऐवजी दीड-दोन हजार ओळी मागवाव्या लागतील. क्रिएटरडॉकसाठी इतके करण्याची गरज नाही. तो पहिल्या दहा ओळींतच असतो.

४. वेळ भारतीय वेळेत बदला

हेडरमधील वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते; म्हणजे भारतीय वेळेसाठी तिच्यात ५ तास ३० मिनिटे मिळवावी लागतात. टॅगच्या नावातच ‘यूटीसी’ लिहिलेले असूनही ही चूक मी केली. ‘उघराणी’च्या हेडरमध्ये १३ जानेवारी, १३ वाजून ५ मिनिटे असे लिहिले होते. जेवणाच्या सुट्टीत चालणारे एखादे टास्क (ठरल्या वेळी आपोआप होणारे रीलोड) असणार असे समजून मी सर्व्हरचे सगळे वेळापत्रक चाळले. एकच्या सुमारास काहीच चालत नव्हते. फाइल खरे तर संध्याकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी लिहिली गेली होती, म्हणजे कार्यालय सुटण्याच्या वेळेला. आणि ती वेळ आधीच नीट वाचली असती तर ही यंत्राची नव्हे, माणसाची वेळ आहे हे तेव्हाच ध्यानात आले असते.

रात्रीच्या टास्कच्या बाबतीत तर तारीखही बदलते. पहाटे ३ वाजून १५ मिनिटांनी तयार झालेली फाइल आदल्या दिवशीच्या रात्री ९ वाजून ४५ मिनिटांची म्हणून दिसते. ‘कालचा रीलोड झालाच नाही’ अशा तक्रारींपैकी काही एवढ्यानेच मिटतात. स्क्रिप्टमध्ये ‘क्यूव्हीडीक्रिएटटाइम’ हे फंक्शन वापरले तरी ते यूटीसीच देते, हेही लक्षात असू द्या.

५. क्रिएटरडॉकमधील पत्ता समजून घ्या

क्लिकव्ह्यूच्या बाबतीत या टॅगमध्ये क्यूव्हीडब्ल्यू फाइलचा, म्हणजे क्लिकव्ह्यूच्या डॉक्युमेंटचा, पूर्ण पत्ता असतो. तो वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हा पत्ता ज्या संगणकावर रीलोड झाला त्या संगणकाच्या नजरेतून लिहिलेला असतो, तुमच्या नजरेतून नव्हे.

पत्ता दोन उलट्या तिरक्या रेषांनी आणि सर्व्हरच्या नावाने सुरू होत असेल, तर तो नेटवर्कवरील कोणत्याही संगणकावरून सारखाच लागू पडतो. तुम्ही थेट तेथे जाऊ शकता. पत्ता ‘झेड’ किंवा ‘एक्स’ अशा, नेटवर्कवरचे फोल्डर जोडून घेतलेल्या ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होत असेल, तर ती फाइल कोणीतरी आपल्या खात्यातून हाताने रीलोड करून तयार केली असण्याची शक्यता फार मोठी आहे. सर्व्हरवरील सेवा स्वतःच्या खात्यावर चालतात आणि एखाद्या वापरकर्त्याने आपल्यापुरते जोडलेले ड्राइव्ह त्यांना सहसा दिसत नाहीत. पत्ता ‘सी’ किंवा ‘डी’ने सुरू होत असेल तर तो सर्व्हरचाही असू शकतो आणि एखाद्या लॅपटॉपचाही. ‘सी’ ड्राइव्हवरील ‘युझर्स’ फोल्डर पत्त्यात दिसले तर पुढचा शब्द हा त्या माणसाच्या खात्याचे नाव असतो, आणि शोध तेथेच संपतो.

आमच्या बाबतीत पत्ता होता: डी ड्राइव्ह, ‘काम’ नावाचे फोल्डर, त्यात ‘उघराणी_नवुं_२’. सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर असे फोल्डरच नव्हते. शेवटी विभागातल्या प्रत्येक टेबलाजवळ जाऊन ‘तुमच्या डी ड्राइव्हवर काम नावाचे फोल्डर आहे का’ असे विचारत फिरलो, आणि ते सापडले एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या संगणकावर. ते रोज निघताना रीलोडचे बटण दाबत आणि पंखा बंद करून घरी जात. असे कित्येक वर्षे चालले होते. उत्तरायणाला जोडून त्यांनी पंधरवड्याची रजा घेतली आणि बटण दाबणारे कोणी उरले नाही. त्यांची चूक काढण्यात अर्थ नव्हता. ते काम टास्कवर टाकावे असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

ते डॉक्युमेंट सर्व्हरवर हलवल्यावरही लगेच चालले नाही, कारण डेटाबेसची ओडीबीसी जोडणी फक्त त्यांच्या संगणकावर होती आणि तीही ३२ बिटची. तुम्हाला असे एखादे डॉक्युमेंट हलवावे लागले तर ओडीबीसी जोडणीचे नाव आणि तिचे बिट आधी विचारून घ्या.

याच पायरीवरचे आणखी काही सापळे सांगतो.

क्यूव्हीडीचे नाव बदलले किंवा तिची प्रत दुसरीकडे ठेवली तरी क्रिएटरडॉक तसाच राहतो. ही सोयच आहे. पण क्यूव्हीडब्ल्यूचे नाव बदलले तर जुन्या क्यूव्हीडीत जुनेच नाव राहते. पत्त्यावरची फाइल सापडली नाही म्हणजे ती पुसली गेली असे समजू नका. आधी त्याच फोल्डरमध्ये बदललेल्या नावाची फाइल आहे का ते पाहा.

एकाच नावाची क्यूव्हीडी दोन डॉक्युमेंटे लिहीत असतील, तर हेडरमध्ये फक्त शेवटच्याचे नाव असते. सकाळी पाहिले तर एक उत्तर, दुपारी पाहिले तर दुसरे, असा अनुभव आला तर हेच घडते आहे. शंका असल्यास दिवसातून दोन-तीन वेगवेगळ्या वेळी हेडर वाचून पाहा.

फाइलच्या नावावरून अंदाज बांधू नका. बडोद्यातल्या कार्यालयांत हा सापळा जरा जास्तच आहे. एका विकसकाने इंग्रजीत नाव दिलेले, दुसऱ्याने गुजरातीत, तिसऱ्याने मराठीत. अक्षरे मात्र तिघांची इंग्रजी. ‘सेल्स’ शोधत बसलात तर ‘वेचाण’ आणि ‘विक्री’ या दोन्ही फाइली निसटतील. आमच्याकडे तिन्ही होत्या आणि तिन्हींत विक्रीचेच आकडे होते.

६. क्लिक सेन्स असेल तर

येथे क्रिएटरडॉकमध्ये पत्ता नसतो. अक्षरे आणि आकडे यांची, मध्ये आडव्या रेषा असलेली एक लांब ओळखसंख्या असते. तो ॲपचा आयडी. व्यवस्थापन कन्सोलमध्ये ‘ॲप्स’चा विभाग उघडा, कॉलम निवडण्याच्या बटणातून ‘आयडी’ हा कॉलम दाखवायला सांगा आणि तेथे तो शोधा. ॲप ब्राउझरमध्ये उघडल्यावर वरच्या पत्त्यातही हाच आयडी दिसतो, त्यामुळे कन्सोलची परवानगी नसली तरी संशयित ॲपे एकेक करून तपासता येतात. ॲपची प्रत काढली की प्रतीला नवा आयडी मिळतो. म्हणून नाव सारखे असलेल्या दोन ॲपांत खरे कोणते हे आयडीवरूनच ठरवा.

७. स्क्रिप्टमध्ये ‘स्टोअर’ची ओळ शोधा

डॉक्युमेंट सापडले म्हणजे काम संपले असे नाही. फाइल लिहिणारी ओळ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काहीही बदलू नका.

डॉक्युमेंट फार मोठे असेल तर क्लिकव्ह्यूच्या स्टार्ट पानावरील अलीकडच्या यादीत त्याच्यावर उजवी टिचकी मारून डेटाशिवाय उघडण्याचा पर्याय निवडा. मेमरी भरून संगणक बसणार नाही. पण या अवस्थेत सेव्ह करू नका, नाहीतर डेटा नसलेले डॉक्युमेंट मूळ जागी जाऊन बसेल.

स्क्रिप्टमध्ये क्यूव्हीडीचे नाव शोधल्यावर ते सापडले तर उत्तमच. बहुतेक वेळा सापडत नाही, आणि नवोदित येथे गोंधळतो: हेडर म्हणते याच डॉक्युमेंटने लिहिली, आणि स्क्रिप्टमध्ये तर ते नावच नाही. अशा वेळी पुढील क्रमाने पाहा.

नाव चलांतून (व्हेरिएबलांतून) तयार होत असेल. पुष्कळ विकसक सारण्यांच्या नावांची यादी करून एक फेरा चालवतात, आणि फेऱ्यात स्टोअरच्या ओळीत डॉलर व कंस घालून चल लिहितात. तेव्हा अख्खे नाव कोठेच लिहिलेले नसते. येथे ‘स्टोअर’ हा शब्दच शोधा आणि हेडरमधून टिपलेले टेबलनेम कोणत्या यादीत बसते ते पाहा.

ओळ वेगळ्या मजकूर फाइलमध्ये असेल. ‘इन्क्लूड’ किंवा ‘मस्ट इन्क्लूड’ने क्यूव्हीएस फाइल ओढून घेतलेली असते आणि सगळी कारवाई तिच्यात असते. अशा प्रत्येक फाइलचा पत्ता टिपा आणि ती उघडून पाहा. एकच क्यूव्हीएस दहा डॉक्युमेंटे वापरत असतील तर तिच्यात केलेला बदल दहाही ठिकाणी लागू होईल, हे विसरू नका.

पत्ता सापेक्ष असेल. स्टोअरच्या ओळीत फक्त फाइलचे नाव असेल तर ती डॉक्युमेंटच्या फोल्डरच्या हिशेबाने लिहिली जाते, आणि वर कोठेतरी ‘डिरेक्टरी’ ही आज्ञा असेल तर तिने सांगितलेल्या फोल्डरच्या हिशेबाने.

स्क्रिप्ट लपवलेली असेल. क्लिकव्ह्यूमध्ये पासवर्ड लावून स्क्रिप्टचा काही भाग झाकता येतो. पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारावे लागेल. दुसरा सरळ मार्ग नाही.

सुरुवातीला ‘बायनरी’ची ओळ असेल. मग या डॉक्युमेंटने आपल्या सारण्या दुसऱ्या क्यूव्हीडब्ल्यूमधून जशाच्या तशा उचलल्या आहेत. त्यामुळे स्टोअर येथे असले तरी डेटाचा उगम तेथे आहे, आणि शोध एक घर मागे न्यावा लागेल.

डॉक्युमेंटे पुष्कळ असतील तर क्यूव्हीडब्ल्यूच्या आत सरळ शब्द शोधता येत नाही, कारण ती मजकूर फाइल नव्हे. त्यावर उपाय असा: डॉक्युमेंटच्या शेजारी त्याच्याच नावाचे आणि शेवटी ‘-पीआरजे’ जोडलेले रिकामे फोल्डर तयार करा, मग डॉक्युमेंट उघडून सेव्ह करा. क्लिकव्ह्यू त्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट साध्या मजकूर फाइलच्या रूपात लिहून ठेवते. हे मूळ डॉक्युमेंटवर न करता त्याच्या प्रतीवर करावे.

८. लॉगवरून खात्री करा

स्क्रिप्ट वाचून जे समजते त्यापेक्षा लॉग वाचून अधिक समजते, कारण लॉगमध्ये चलांच्या जागी त्यांची प्रत्यक्ष मूल्ये भरलेली असतात आणि बाहेरून ओढलेल्या क्यूव्हीएसमधील ओळीही वेळेसह उतरतात. सातव्या पायरीतला निम्मा गोंधळ येथे आपोआप सुटतो. लॉग उपलब्ध असतील तर आधी ही पायरी करून मग सातवीकडे वळलात तरी चालेल. मी स्वतः आता तसेच करतो.

क्लिकव्ह्यूमध्ये डॉक्युमेंटच्या गुणधर्मांतील ‘जनरल’ या भागात लॉग फाइल तयार करण्याची चौकट असते. तिच्यात टिकची खूण केलेली असेल तर डॉक्युमेंटच्या शेजारी त्याच नावाची लॉग फाइल मिळते. केलेली नसेल तर आज करा आणि पुढच्या रीलोडची वाट पाहा. क्लिक सेन्सच्या सर्व्हरवर स्क्रिप्टचे लॉग सी ड्राइव्हवरील प्रोग्रामडेटा, क्लिक, सेन्स, लॉग, स्क्रिप्ट या क्रमाने आतल्या फोल्डरमध्ये असतात आणि त्यांच्या नावात ॲपचा आयडी असतो. ॲप पुसले गेले असले तरी त्याचे जुने लॉग तेथे राहिलेले असू शकतात.

लॉगमध्ये स्टोअरची ओळ शोधा, तिच्यापुढील वेळ पाहा आणि हेडरमधून बदलून घेतलेल्या भारतीय वेळेशी ताडून पाहा. दोन्ही वेळा काही सेकंदांच्या अंतराने जुळल्या तर शंकेला जागा उरत नाही. जुळल्या नाहीत तर ही फाइल दुसरेही कोणी लिहीत आहे. पाचव्या पायरीकडे परत जा.

९. फाइलमागचा डेटा कोठून आला

हेडरच्या शेवटाकडे ‘लिनिएज’ नावाचा भाग असतो. त्यात एकेका स्रोतासाठी ‘डिस्क्रिमिनेटर’ आणि ‘स्टेटमेंट’ असे दोन टॅग येतात. पहिल्यात स्रोताची ओळख असते: एक्सेलचा पत्ता, दुसऱ्या क्यूव्हीडीचा पत्ता, डेटाबेसची जोडणी, किंवा ‘रेसिडेंट’, ‘इनलाइन’ असे शब्द. दुसऱ्यात डेटाबेसला विचारलेला प्रश्न असू शकतो.

ही यादी वाचताना सावध राहावे. तिच्यात केवळ त्या एका सारणीचेच स्रोत असतील असे धरू नका. डॉक्युमेंटने त्या वेळेपर्यंत वाचलेल्या इतर गोष्टीही तिच्यात येऊ शकतात. तिच्याकडे संशयितांची यादी म्हणूनच पाहावे. यादीत क्यूव्हीडीचे स्वतःचेच नाव दिसले तरी दचकू नका. रोज फक्त नव्या ओळी आणून जुन्या फाइलला जोडण्याची पद्धत असेल तर फाइल आधी स्वतःलाच वाचते आणि मग स्वतःवरच लिहिली जाते.

हा भाग कोणाला पाठवण्यापूर्वी नीट वाचा. जोडणीच्या मजकुरात सर्व्हरचे किंवा वापरकर्त्याचे नाव असू शकते, आणि मदत मागण्यासाठी पडद्याचे चित्र बाहेर पाठवताना ते नकळत जाते.

१०. सगळ्या फोल्डरची नोंदवही करा

एक फाइल शोधून झाली की उरलेल्या सगळ्यांचे एकदाच काम करून टाकणे शहाणपणाचे. यासाठी क्लिकचाच उपयोग करा. क्लिकव्ह्यूच्या स्क्रिप्ट एडिटरमध्ये ‘टेबल फाइल्स’चे बटण दाबून एखादी क्यूव्हीडी निवडा. विझार्ड तिला क्यूव्हीडी म्हणून ओळखेल. डाव्या बाजूच्या यादीत प्रकार बदलून एक्सएमएल करा. लगेच आतल्या डेटाऐवजी हेडरमधील सारण्या दिसू लागतील: एक मुख्य हेडरची, एक कॉलमांची, एक लिनिएजची. हवी ती निवडल्यावर लोडचे वाक्य विझार्डच लिहून देतो, त्यामुळे टॅगच्या स्पेलिंगची काळजी उरत नाही.

ते वाक्य ‘फॉर ईच’च्या फेऱ्यात ठेवा, फेऱ्याला ‘फाइललिस्ट’ने फोल्डरमधील सगळ्या क्यूव्हीडी पुरवा, आणि वाक्यातील पत्त्याच्या जागी फेऱ्याचा चल घाला. फेऱ्याआधी ‘एररमोड’ शून्य करा, नाहीतर एखादी अर्धवट लिहिलेली किंवा रिकामी फाइल आली की संपूर्ण रीलोड तेथेच थांबेल. फेऱ्यानंतर तो पुन्हा १ करायला विसरू नका.

मी नोंदवहीत हे कॉलम ठेवले: क्यूव्हीडीचा पत्ता, टेबलनेम, क्रिएटरडॉक, भारतीय वेळेत बदललेली लिहिल्याची वेळ, ओळींची संख्या, फाइलचा आकार, आणि हाताने भरायचे दोन, ‘कोण सांभाळते’ आणि ‘टास्कवर आहे की हाताने’. शेवटचा कॉलम भरताना कळले की ‘उघराणी’सारख्या, कोणाच्या तरी बटणावर अवलंबून असलेल्या आणखी अकरा फाइली होत्या. साठ-सत्तर फाइली तर दोन-दोन वर्षे कोणी लिहिल्याच नव्हत्या. त्या लगेच न पुसता आम्ही वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि तिमाहीचे हिशेब होईपर्यंत थांबलो. त्यांतील दोन परत आणाव्या लागल्या.

नोंदवही स्वतः क्यूव्हीडी म्हणून त्याच फोल्डरमध्ये साठवत असाल, तर दुसऱ्या रीलोडपासून तिच्यात तिची स्वतःचीही ओळ दिसू लागेल आणि तिच्या क्रिएटरडॉकमध्ये तुमच्या डॉक्युमेंटचा पत्ता असेल. तो पत्ता तुमच्या डी ड्राइव्हचा नाही ना, एवढे पाहून घ्या.